तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्रीला असं किती दिवस ठेवणार?

धुळ्यात देवपूरला आम्ही राहतो त्या गल्लीत हा प्रश्न मला दूधवाल्या भाऊंपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. "ताई, असं किती दिवस ठेवणार तिला?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आमच्या ठमीला डायबेटीस आहे, त्यावर कुशिंग्ज नावाचा हार्मोनचा आजार आहे आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेत. मुक्या जीवाला रोज दोनदा सुई टोचण्यापेक्षा एकदाचं सोडवून टाका, असं लोकांना म्हणायचं असतं. ते तोंडावर बोलवत नाही म्हणून "किती दिवस".

दिवस मी मोजत नाही. तिचं पाणी मात्र रोज मोजते, आणि माझं उत्तर बरंचसं त्या मापातच आहे.

आजार आला तोच पाण्यातून. ठमी पातेलंभर पाणी प्यायची आणि अंगणात पोचायच्या आत ओट्यावरच मोकळी व्हायची. मे महिना, धुळ्याचं 44 डिग्रीचं ऊन, त्यात कुत्री पाणी जास्त पितेय याचं कोणाला काय वाटणार? वाटलं ते सासूबाईंना. शहाबादी फरशीवर लघवी वाळली होती तिथे बारीक लाल मुंग्यांची रांग लागलेली. फरशीच्या फटीतून निघून थेट त्या डागावर, आणि डागाच्या कडेकडेने गोल. सासूबाई स्वतः शुगरच्या जुन्या पेशंट. चष्मा सावरून त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "कुत्रीले बी शुगर व्हस का?"

व्हस. रक्तातली साखर साधारण 200 च्या आसपास गेली की कुत्र्याच्या किडनीला ती अडवता येत नाही, लघवीतून जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून तहान. माणसांत पुष्कळांचं गोळ्यांवर निभतं, कुत्र्यांत ते जवळपास कधीच निभत नाही. त्यांचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवणंच सोडून देतं, त्यामुळे इंजेक्शनला पर्याय नाही. मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस, सगळे सल्ले आमच्याकडे येऊन गेले. पामेरियनला कारल्याचा रस पाजून दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करीन.

"माणसांचं औषध कुत्रीला?" असंही विचारतात. खरं तर हिशोब उलटा आहे. 1889 मध्ये जर्मनीत मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला डायबेटीस झाला, तेव्हा कुठे कळलं की या रोगाचं मूळ तिथे आहे. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन काढलं तेही आधी कुत्र्यांवरच चालवून पाहिलं. माणसाला ते मिळालं 1922 च्या जानेवारीत. सासूबाईंना हे सांगितल्यापासून फ्रीजच्या दारात त्यांच्या बाटलीशेजारी ठमीची बाटली उभी असते याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. दोघींचं इन्सुलिन वेगळं आहे, म्हणून ठमीच्या बाटलीला लाल दोरा बांधलाय.

सुईचं लोकांना फार वाटतं. सकाळी आठला आणि रात्री आठला जेवण, ताट चाटून झालं की मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची, बारीक सुई आत, झालं. ठमीचं तोंड तेव्हाही ताटातच असतं. जेवली नाही तर मात्र नेहमीचा डोस द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन. जपायचं ते सिरिंजला. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिलीमागे 40 युनिटची बाटली मिळते आणि 100 युनिटचीही. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी 100 साठी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीने चुकतो, म्हणून घरात दुसऱ्या रंगाची सिरिंज मी येऊच देत नाही. ठमीची बाटली गढूळ असते. ती खळखळ हलवायची नाही, दोन तळव्यांत हळू फिरवायची. लाइट बराच वेळ गेली की दोन्ही बाटल्या झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून डबा माठात तरंगत ठेवायचा. माठ आहे तोवर महावितरणचं टेन्शन नाही.

हे सगळं जमलं तरी साखर खाली येईना. डोस वाढत गेला, पाणीही वाढत गेलं. पोट सुटलं, पाठीवरचे केस विरळ झाले, पोटाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, आतली शीर दिसायची. थंडीच्या रात्रीसुद्धा धापा. धुळ्याच्या थंडीत, जिथे आम्ही दोन गोधड्या घेतो! आमचे डॉक्टर दिवसभर गायीम्हशी बघणारे. त्यांनीच तिचं पोट चाचपून सांगितलं, "नुसती शुगर नाही ही."

कुशिंग्ज हा लबाड आजार आहे. तहान, भूक, लघवी ही त्याची लक्षणं डायबेटीसचीच. बहुतेक कुत्र्यांत, शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांत, मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीवर बारीकशी गाठ होते आणि ती किडनीजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सतत बनवायला लावते. कॉर्टिसॉल इन्सुलिनला काम करू देत नाही. तपासणीला अख्खा दिवस जातो: सकाळी रक्त, मग एक इंजेक्शन, चार तासांनी रक्त, आठ तासांनी पुन्हा रक्त. (खाजेसाठी कुत्र्याला वरचेवर स्टेरॉइडचं इंजेक्शन देत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यानेही हाच आजार अंगावर येतो.)

त्यावर ट्रायलोस्टेन नावाचं औषध आहे, जेवणासोबत द्यायचं. घरात कोणी गरोदर असेल तर त्या बाईने हातही लावायचा नाही. आणि खरी कसोटी लागते ती हे औषध सुरू झाल्यावर. कॉर्टिसॉल उतरलं की अडलेलं इन्सुलिन एकदम काम करायला लागतं, मग कालचा डोस आज जास्त होतो. साखर पडली की ठमी लटपटते, भिंतीला टेकून उभी राहते, नजर हरवते. म्हणून ओट्यावर, फ्रीजवर आणि माझ्या पर्समध्ये मधाची छोटी बाटली असते. बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचा. तोंडात ओतायचा नाही, श्वासनलिकेत जाऊ शकतो. उलटी झाली, अंग टाकलं, जेवणाला तोंड लावलं नाही, तर कॉर्टिसॉल फार खाली गेलं असण्याचीही शक्यता असते. त्या दिवशी ट्रायलोस्टेन बंद आणि लगेच फोन. दोन औषधांचं हे गणित मी स्वतःच्या मनाने कधीच बदलत नाही. कानाच्या कडेला टोचून घरच्या मशीनवर आकडा घेते, वहीत लिहिते, डॉक्टरांना कळवते. माणसांचं मशीन कुत्र्यांच्या रक्तात आकडा बहुतेक वेळा थोडा कमीच दाखवतं, हेही त्यांनीच सांगितलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे सर्वांत अवघड सण. दारात येणारा प्रत्येक पाहुणा "एक घास तर देऊ दे" म्हणतो आणि खापरावरच्या पुरणपोळीचा तुकडा मोडतो. एका मामांनी समजूतदारपणे शुगर-फ्री मिठाई आणली होती. ती तर मी त्यांच्या हातातून काढूनच घेतली. त्यातल्या काहींत झायलिटॉल असतं, आणि कुत्र्याच्या पोटात ते गेलं की साखर धाडकन कोसळते.

डोळ्यांचं ऐकून लोक जास्त हळहळतात. डायबेटीस झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतोच. ठमी नाकावर चालते. स्वयंपाकघर, ओटा, सासूबाईंची खाट, सगळं तिला पाठ आहे. उन्हाळ्यात कूलर दारात आणला तेव्हा दोन दिवस धडकली, तिसऱ्या दिवसापासून वळसा घालून जाते. शेवभाजीची फोडणी पडली की पहिली हीच हजर. तिला आंधळेपणाचं दुःख असेल तर आमच्यापैकी कोणाला तरी ते दिसलं असतं, असं मला वाटतं.

खर्च लागतो, खोटं कशाला बोलू. इन्सुलिन परवडतं, ट्रायलोस्टेन आणि तपासण्या जड जातात. ज्याला झेपत नाही त्याने कुशिंग्जचं औषध न देता नुसतं इन्सुलिन चालवलं, किंवा डॉक्टरांशी बोलून कुत्र्याला शांतपणे जाऊ दिलं, तर मी त्याला बोल लावणार नाही. मला राग येतो तो औषध नाही, निर्णयही नाही, नुसतं अंगणात बांधून ठेवणाऱ्यांचा.

आमचं डॉक्टरांशी बोलणं झालेलं आहे. आपणहून जेवणं थांबलं, मागच्या पायांवर उठता येईना, किंवा घरातल्या माणसांच्या आवाजाला कान हलेनासे झाले, तर ओढायचं नाही. सध्या तिचं पाणी मापात आहे. दिवसाला किलोमागे शंभर मिलीच्या वर गेलं की काळजी करायची असं सांगितलंय, आणि ती त्याच्या बरीच खाली आहे. पुढच्या महिन्यात कॉर्टिसॉल परत तपासायचं आहे. आकडा कळवीन. तोवर आलात तर सकाळी आठनंतर या, आणि येताना पेढे आणू नका.