ऐंशी मिनिटांची तबकडी

कोरी सीडी ड्राइव्हमध्ये सरकवली की बर्निंगचा, म्हणजे सीडी लिहिण्याचा, प्रोग्रॅम पहिल्याच खिडकीत एक साळसूद प्रश्न विचारतो : साध्या सीडी प्लेअरवर वाजणारी ऑडिओ सीडी करायची की संगणकाच्या फाइली ठेवणारी डेटा सीडी? प्रश्न इतक्या सहजपणे समोर येतो की त्यावर विचार करावा असे कुणाला वाटत नाही, आणि मीही कित्येक वर्षे तो केला नव्हता. आजीच्या आवाजाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून झाल्या आणि त्या आत्याला द्यायच्या ठरल्या, तेव्हा मात्र माऊसवरचे बोट अडखळले. एकेक कॅसेट होती ९० मिनिटांची आणि तबकडी होती ८० मिनिटांची. दहा मिनिटांची आजी कुठे ठेवायची, हा पेच त्या खिडकीतल्या दोन्ही पर्यायांनी माझ्यावरच सोडून दिला होता.

ऑडिओ सीडीचे नियम फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरवले, आणि त्या नियमांच्या पुस्तकाच्या कव्हरच्या रंगावरून त्याला रेड बुक असे नाव पडले. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणोक्षणी घेतलेली मोजमापे, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि वाहिन्या दोन. यात तडजोड नाही. ४४,१०० हा विचित्र आकडा आला तो त्या काळी डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवला जात असे म्हणून. टेपच्या ओळींच्या हिशेबात जो आकडा चपखल बसला, तोच सीडीच्या कपाळी कायमचा लिहिला गेला. आजीचा आवाज एकाच मायक्रोफोनसमोर, एकपदरी नोंदलेला होता. परंतु रेड बुकला एक वाहिनी ठाऊकच नाही. त्यामुळे तोच आवाज डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना जसाच्या तसा दोनदा लिहावा लागतो. जागा वाचवण्याच्या नावाने इथे आनंदच आहे.

तरीही ऑडिओ सीडी जागेच्या बाबतीत उधळी आहे असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल, कारण प्रत्यक्ष हिशेब नेमका उलटा निघतो. तबकडीवरचा प्रत्येक सेकंद ७५ सेक्टरांत विभागलेला असतो. ऑडिओ सीडी प्रत्येक सेक्टरमधील २,३५२ बाइट आवाजालाच देऊन टाकते; डेटा सीडी त्यांपैकी २,०४८ बाइट तुमच्या फाइलला देते आणि उरलेले ३०४ सेक्टरची ओळख पटवण्यासाठी व मुख्यतः चुका शोधून दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवते. म्हणूनच ज्या ७०० एमबीच्या तबकडीवर ऑडिओ म्हणून ८० मिनिटे मावतात, तिच्यावर तोच आवाज डब्ल्यूएव्ही, म्हणजे काहीही न गाळलेल्या, फाइलच्या रूपात ठेवला तर जेमतेम ६९ मिनिटे बसतात. या फरकामागे फार जुनी समजूत आहे. हिशेबाच्या फाइलमधला एक आकडा बदलला तर सगळाच घोटाळा होतो. आवाजातला एखादा नमुना वाचता आला नाही, तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून पुढे जातो आणि कानाला पत्ताही लागत नाही. ऑडिओ सीडी ऐकणाऱ्याच्या क्षमाशीलतेवर विसंबून असते, डेटा सीडी कुणावरच विसंबत नाही.

माझा पहिला कल अर्थातच आवाजातले काही तपशील गाळून फाइल लहान करणाऱ्या एमपीथ्रीकडे गेला. सेकंदाला १२८ किलोबिटच्या दराने एका मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे एका डेटा सीडीवर बारा तासांच्या आसपास आवाज मावतो. आजीच्या सगळ्या कॅसेटी एकाच तबकडीवर. मी हौसेने फाइलींना देवनागरीत नावे दिली, त्यांच्यापुढे १ ते १४ असे क्रमांक टाकले आणि सीडी जाळून मोकळा झालो. एमपीथ्री वाजवणाऱ्या माझ्या प्लेअरच्या चिमुकल्या पडद्यावर नावांच्या जागी चौकोन उमटले, ते एक वेळ चालले असते. परंतु त्याने १ नंतर थेट १० वाजवले, मग ११, १२, १३, १४, आणि त्यानंतर कुठे २ ची पाळी आली. आजीच्या बालपणातून आम्ही एकदम तिच्या म्हातारपणी पोहोचलो आणि तेथून पुन्हा तिच्या शाळेत आलो. ०१, ०२ असे लिहायचे असते हे तेव्हा समजले. शिवाय एमपीथ्रीने एकदा गाळलेला आवाज परत येत नाही. त्याच फाइलींपासून पुढे ऑडिओ सीडी केली तर प्रोग्रॅम आकार फुगवून देतो, हरवलेले तपशील मात्र देत नाही.

आणि आत्याचा प्लेअर तर एमपीथ्री ओळखतच नव्हता. तो जुन्या वळणाचा, रेड बुकापलीकडे काही न वाचलेला गृहस्थ. त्यामुळे ऑडिओ सीडी करणे भागच होते, आणि तीही पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवर नव्हे. तिचा पृष्ठभाग प्रकाश कमी परावर्तित करतो आणि असे जुने प्लेअर तिच्यापुढे हात टेकतात.

ऑडिओ सीडीवर फाइल नावाची वस्तूच नसते, हे घरात कुणाला पटवून देणे अवघड आहे. माझ्या चुलतभावाने आत्यासाठी केलेली सीडी परस्पर आपल्या संगणकात घातली, त्यात दिसलेल्या सीडीए फाइली डेस्कटॉपवर ओढून घेतल्या आणि काम झाले म्हणून समाधानाने तबकडी परत केली. त्यातली प्रत्येक फाइल ४४ बाइटची होती. विंडोज ऑडिओ सीडीवरचे ट्रॅक दाखवण्यासाठी त्या खुणेच्या चिठ्ठ्या तयार करते. त्यांत ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे एवढेच असते, आवाज तबकडीवरच राहतो. घराचा पत्ता लिहून न्यावा आणि घर नेले असे समजावे, तसे ते झाले होते.

ट्रॅक पाडताना आणखी एक गोष्ट हाताशी आली. मी गोष्टीच्या मध्येच सोयीसाठी तुकडे केले होते आणि लिहिण्याची पद्धत ट्रॅक-ॲट-वन्स अशी राहून गेली होती. या पद्धतीत लेसर प्रत्येक ट्रॅकनंतर थांबतो आणि दोन ट्रॅकांमध्ये दोन सेकंदांची शांतता येते. आजी "आणि मग त्याने दार उघडलं" असे म्हणाली की दोन सेकंद काहीच ऐकू येत नव्हते, आणि मग कोण आत आले ते कळत होते. गंमत अशी की ती शांतता गोष्टीला शोभून दिसत होती. तरीही ती आजीची नव्हती, म्हणून मी ती काढली. डिस्क-ॲट-वन्स निवडले की सगळी तबकडी एका दमात लिहिली जाते, मध्ये थांबा राहत नाही आणि शेवटी ती आपोआप बंदही होते.

राहिली ती दहा मिनिटे. खोकला, खुर्चीची करकर, मधली लांबलेली शांतता असे काही गाळून ९० चे ८० करता आले असते. बसलोही होतो कात्री घेऊन. खोकल्यापाशी थांबलो, कारण त्या खोकल्यानंतरचे वाक्य त्याच्यामुळेच खालच्या आवाजात येते. अखेर प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूला स्वतंत्र तबकडी दिली : ४५ मिनिटे एकीवर, ४५ दुसरीवर. माझ्यासाठी मूळ डब्ल्यूएव्ही फाइली वेगळ्या डेटा सीडींवर ठेवल्या, ०१ पासून क्रमांक घालून.

आत्याला देण्याआधी सगळ्या तबकड्या उलट्या करून उजेडात धरल्या. सीडीवर लेखन आतून बाहेर होत जाते, त्यामुळे जळलेला भाग मधल्या छिद्राभोवती किंचित वेगळ्या छटेत दिसतो. त्याच्या कडेने, बोटभर रुंदीचा, एक गुळगुळीत कोरा पट्टा उरला होता, सगळ्यांवर सारखाच.