लाल दिव्यावर काळी टेप

“सारखाच लाल हुतोय ओ, म्हणून पट्टी मारली.”

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना. ब्लोअरच्या मोटरवर कंपन मोजणारा सेन्सर. त्याच्या दिव्यावर इन्सुलेशन टेप, तीही नीट चौकोनी कापून!

मी काही बोलायच्या आत ती टेप मारणाऱ्या कामगार मामांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या हाउसिंगला टेकवलं, मुठीला कान लावला. “आतनं खरखरतंय. लई दिवस न्हाई टिकायचं.”

सेन्सरही तेच सांगत होता की!

या सेन्सरचं ट्रेनिंग झालं केबिनमध्ये, एसीत, फक्त इंजिनिअर लोकांचं. (चहा-बिस्किटं झकास होती म्हणे.) कंपनाचा आकडा कितीवर गेला की कुणाला फोन लावायचा, एवढंही रात्रपाळीच्या मामांना कुणी सांगितलं नाही.

एवढा तयार कान असलेल्या माणसाला तो आकडा वाचायला शिकवायला कितीसा वेळ लागला असता?