पगार सोडून सगळं देतो म्हणाले

आज एका मोठ्या देणगीदारांनी मुलांना वाचायला शिकवणाऱ्या आमच्या संस्थेच्या बजेटचा कागद हातात घेतला, पेन थेट शिक्षिकांच्या पगाराच्या ओळीवर टेकवलं आणि म्हणाले, "हे सोडून बाकी सगळं देतो, टॅब घ्या, पुस्तकं घ्या."

माणूस मनापासून बोलत होता, म्हणूनच जास्त लागलं.

अहो पण वाचायला शिकवणार कोण? मुलगी एखाद्या शब्दाला अडखळली की शेजारी बसून तिला धीर देणारी ताई लागते, आणि त्या ताईला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो. ग्रँटचंही बऱ्याचदा तेच, पैसे वर्षभरासाठी, तेही ठरलेल्या कामालाच, मग रिपोर्ट, मग पुन्हा नवा अर्ज, आणि मधल्या काळात चांगली शिकवणारी माणसं सोडून जातात, त्यांना तरी कसं थांबवायचं?

वेगळं करणारेही आहेत. अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशन या निधी देणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये 'बिल्ड' नावाने पाच वर्षांचा लवचिक, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा निधी सुरू केला, अमेरिकन अब्जाधीश मॅकेंझी स्कॉट 2020 पासून अटी न घालता मोठ्या रकमा देतायत. म्हणजे संस्थेवर विश्वास ठेवून पैसे देता येतात.

तुमच्यापैकी कुणी देणगीदाराला पगाराचा खर्च पटवून दिलाय का? नेमकं काय सांगितलंत?