तुम्ही विचारलंत म्हणून: काना-वेलांटीचं काय करता?

अक्षरं तीच पण शब्द दोन, अशा जोड्यांची कोडी मी घालते. सोडवणारे हमखास विचारतात, "इंग्रजीत अक्षरं इकडची तिकडे करता येतात. मराठीत काना, मात्रा, वेलांटीचं काय करता?"

काहीच करत नाही. ज्या अक्षराची वेलांटी, त्याच्याकडेच राहते. शब्दकोड्यात 'वि' एकाच घरात बसतो, तसंच. 'कविता'तले क, वि, ता फिरवले की 'विकता' होतं, आणि कोडं तयार: '____ लिहिता येते, ____ येत नाही.'

पण नुसती अक्षरं जुळून भागत नाही. 'कपट' आणि 'टपक' जुळतात, पण त्यांचं नातं काय? अशी जोडी मी सोडून देते. इंग्रजीत 'लिसन' आणि 'सायलेंट' यांची सहाही अक्षरं तीच आहेत; ऐकायचं तर गप्प बसावं लागतं, म्हणून ती जोडी मनात राहते. आपल्याकडे 'मदत' आणि 'दमत' घ्या. 'आई शेजारणीला ____ करताना कधी ____ नसे.' ही जुळली त्या दिवशी मला आईची फार आठवण आली.

सगळ्यात लाडकी जोडी कृष्णेनं दिली. जानेवारीतली सकाळ, औदुंबरचा घाट. पलीकडच्या काठावर मगर पडलेली, ओल्या ओंडक्यासारखी, जबडा अर्धा उघडा. नावाडी म्हणाला, "ऊन खातीया." मगरीला अंगातली ऊब स्वतः राखता येत नाही, ती उन्हातून घ्यावी लागते. म, ग, र डोक्यात फिरायला लागले आणि तिथंच उभ्या उभ्या 'गरम' सापडलं.

भांडण झालं ते भाचीशी. मिरजेला असते, चौथीत आहे. तिनं 'कान' आणि 'नाक' आणले. "मावशी, दोन्ही चेहऱ्यावरच आहेत की!" नातं पक्कं होतं, तरी मी नाही म्हटलं. 'नाक' करायचं तर 'का'चा काना काढून 'न'ला द्यावा लागतो. ती रुसली. मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूचे दोन चौकोन कापले, एकावर 'का', दुसऱ्यावर 'न' लिहिलं आणि तिच्यापुढे ठेवले. बराच वेळ ती फरशीवर ते तुकडे सरकवत बसली. मग वही ओढली आणि लिहिलं:

'बाई, ____ ओढू ____.'