आमची वाटचाल : कपाटांकडून खिडक्यांकडे

गिरगावातलं आमचं सुतारकामाचं दुकान सासऱ्यांचं. दुकानात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही. त्यांच्या काळात इथे कपाटं, पलंग, देव्हारे व्हायचे. खिडक्या म्हणजे पावसाच्या तोंडावर येणारं किरकोळ काम. शेजारच्या चाळीतून कोणीतरी डोकावायचं, "अण्णा, झडप लागत नाहीये, जरा बघता का?" की अण्णा रंधा उचलून निघाले. पैसे बऱ्याचदा चहावर फिटायचे. आज दुकान त्या किरकोळ कामावरच चालतं.

प्लायवूड आणि लॅमिनेट आलं, मागोमाग मॉड्युलरवाले आले, आणि भरीव सागात काम करणाऱ्याकडे कपाटासाठी कोणी फिरकेना. त्याच सुमारास अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग, म्हणजे सरकत्या खिडक्यांची लाट आली. जुन्या झडपा निघाल्या की भंगारवाला न्यायचा. आम्ही त्यातला साग विकत घ्यायला लागलो, सुरुवातीला केवळ लाकूड म्हणून. रंग खरवडला की आत काय निघेल ते बघण्यासारखं असायचं: दाट वर्तुळं, हात लावला तर तेलकट, आणि खिळा मारायचा तर आधी गिरमिटाने भोक पाडावं लागे. ब्रह्मदेशातल्या सागाच्या धंद्यासाठी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन उभी राहिली १८६३ साली. दक्षिण मुंबईच्या जुन्या घरांत दारं-खिडक्यांना हा ब्रह्मी साग सर्रास आहे. तसं लाकूड आज नवीन मागितलं तर त्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक खालीच बसतं. आणि लोक ते किलोवर विकत होते.

खिडकी या कामाकडे आम्ही खरं वळलो ते खोताच्या वाडीतल्या एका घरामुळे. तिथल्या बाईंना स्लायडिंगचं कोटेशन मिळालं होतं. त्यांची तक्रार एकच होती: स्लायडिंग अर्धीच उघडते. दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडली की पूर्ण वारा येतो, दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगमध्ये कधीही निम्मी खिडकी बंदच. शिवाय खालच्या रुळात पाणी साचतं ते वेगळं. अण्णांनी सगळ्या झडपा ठोकून पाहिल्या आणि म्हणाले, यातलं टाकाऊ फार थोडं आहे.

ते थोडं नेमकं कुठे असतं, हे आता आमच्या पोरांनाही पाठ आहे. झडपेचा खालचा कोपरा. उभ्या लाकडाचं तोंड तिथे खाली येतं, पाणी शोषतं, आणि वर रंगाचा थर असल्यामुळे वाळत नाही. दाभण टोचून बघायचं. सहज आत गेलं की तिथपर्यंत कुजलंय. मग वीतभर कापायचं, पण काप सरळ घ्यायचा नाही. बाहेरच्या बाजूला उतरता, तिरका घ्यायचा, म्हणजे सांध्यात शिरलेलं पाणी बाहेर ओघळतं. तिथे बसवायचा तुकडाही जुन्याच सागाचा आणि त्याच अंगाचे रेषे जुळवलेला. नवा साग जुन्याच्या शेजारी बसवला तर दोघं पावसात सारखे फुगत नाहीत आणि दुसऱ्या वर्षी रंगावर रेघ उमटते. भंगारातून घेतलेला साग इथे कामाला येतो.

झिलमिलीच्या, म्हणजे फिरत्या आडव्या पट्ट्यांच्या झडपा हे आमचं आवडतं काम, आणि सगळ्यात कमी नफ्याचं. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना बारीक खुंटी असते, ती उभ्या लाकडातल्या भोकात फिरते, आणि सगळ्या पट्ट्या मधल्या दांडीला तारेच्या कड्यांनी जोडलेल्या. एक पट्टी मोडली तरी ती मधूनच काढता येत नाही, झडप खोलावी लागते. जुन्या कारागिरांनी ही सोय ठेवलेली असते. कुसू (आडव्या लाकडाचं जिभेसारखं टोक) खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली, सरस फारसा नाहीच. खुंटी मागून ठोकली की झडप सुटी. आजकालच्या खिडकीत सगळं चिकटवलेलं असतं, ती तशी खोलायची सोयच नसते.

पहिल्यापासून पाळलेला एक नियम: झडप उतरवताना बिजागरीच्या कडेला पटाशीने खुणेच्या रेघा मारायच्या. खडूने लिहिलेला नंबर खरवडताना जातो. इमारत इतक्या वर्षांत कुठे बसलेली, कुठे कललेली असते. एका खिडकीची झडप दुसरीला लावली तर एकीकडे घासते, दुसरीकडे फट. कधीकधी रंगाखाली जुन्या सुताराच्या अशाच रेघा निघतात, मग आम्ही त्यांचाच हिशोब पुढे चालवतो.

रंग काढण्याची आमची पद्धत धीमी आहे आणि त्यावरून गिऱ्हाइकाशी वाद होतात. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, त्यातही जुन्या थरांत, किती असेल याची खात्री कोण देणार? त्या विषारी शिशाचा धूर किंवा धूळ उडू नये म्हणून ब्लोलॅम्प (आगीचा झोत) नाही, कोरडा पॉलिश पेपरही नाही. ओलं करून खरवडायचं, खाली प्लास्टिक, तोंडाला मास्क, आणि घरात लहान मूल असेल तर झडपा दुकानात आणून. मग बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल), मग प्रायमर. काच बसवायची लांबी (पुट्टी) आम्ही खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची मळतो. ती वर साय धरेपर्यंत रंग लावायचा नाही, आणि जुलैत ती साय धरत नाही. त्यामुळे दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंतच आमचा हंगाम. लोखंडी स्क्रू काढून सगळीकडे पितळी. समुद्राच्या हवेत लोखंड गंजून फुगतं आणि चांगलं लाकूड आतून फोडतं.

डासांच्या जाळीचं खातं मात्र एका गिऱ्हाइकाच्या मुलाने सुरू करून दिलं. तो बॉस्टनजवळ राहतो. त्याने तिकडच्या जुन्या घरांचे फोटो दाखवले. प्रत्येक खिडकीला लाकडी चौकटींचे दोन जोड, उन्हाळ्यात जाळीची, थंडीत काचेची. वर आकड्यांवर टांगायची, ऋतू बदलला की उतरवून दुसरी चढवायची, आणि कुठली कुठे जाते त्यासाठी नंबर ठोकलेले. बाहेरची काच आणि आतली खिडकी यांच्यात हवा कोंडते आणि घर उबदार राहतं. आपल्याकडे त्या काचेचं काम नाही. झड अडवायला झिलमिली आहेच. पण सुटी जाळी पटली. आपल्या झडपा बाहेर उघडतात, म्हणून आम्ही चौकट आतून बसवली आणि बिजागरीवर ठेवली, नाहीतर कडी लावायला हात बाहेर जाणार कसा? जाळी स्टीलची, समुद्राजवळ खारी हवा सोसणाऱ्या ३१६ ग्रेडची. वेलक्रोची जाळी कितीतरी स्वस्त पडते, हे आम्हीच आधी सांगतो. भाड्याच्या घरात तीच लावावी.

२०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या आणि मरिन ड्राइव्हच्या इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या, तेव्हापासून आर्किटेक्टचे फोन वाढले. कामं मोठी असतात, नकाशे सुरेख असतात, पैसे उशिरा येतात. एका मोठ्या ठेकेदाराने शेवटचं बिल अजून दिलेलं नाही. घरगुती किंवा चाळीतलं गिऱ्हाईक बरं; घासाघीस करतं, पण झडप लागली की हातात पैसे ठेवतं. पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या) घरांत अडचण वेगळीच असते. मालक म्हणतो खिडकी भाडेकरूची, भाडेकरू म्हणतो इमारत मालकाची, आणि तोवर खिडकीचं खालचं आडवं लाकूड कुजत राहतं. अशा ठिकाणी आम्ही एक खोली, एक खिडकी करून देतो. शेजारी बघायला येतात आणि पुढचं काम तिथूनच निघतं.

दर आम्ही चौरस फुटावर देत नाही. झडप उतरवून, दाभण टोचून झाल्यावरच आकडा सांगतो. निम्म्याहून जास्त लाकूड गेलेलं असेल तर नवी करा, असं स्पष्ट सांगतो. तिला डागडुजी करून उभी ठेवणं महाग पडतं. त्याहून कमी गेलेलं असेल तर बहुतेक सगळं वाचतं.

अण्णा आता दुकानात येत नाहीत. कारागीर मिळणं हीच सध्या मोठी ओढाताण. आयटीआयमधून आलेली मुलं मशिन छान चालवतात, पण पटाशीला धार लावायला कंटाळतात, आणि साग पटाशीची धार पटकन खातो. म्हणून पहिले काही महिने नव्या मुलाला फक्त धार आणि बिजागऱ्या. दोन मुलं यंदा टिकली आहेत. पावसाळ्यात त्यांच्याकडून जाळीच्या चौकटी करून घेतोय, त्या दुकानातच होतात. झडपा दाखवायच्या असतील तर गणपती झाल्यावर सांगा. पावसाने कुठून मार दिलाय ते तेव्हा सगळ्यात स्पष्ट दिसतं.