सोपा उतारा म्हणजे नेमका कोणता?

‘भिंतीला जोर लावला. भिंत हलली नाही. म्हणून कार्य शून्य.’ या तीन वाक्यांत विद्यार्थ्याला अडेल असा एकही शब्द दिसत नाही, आणि तरीही वर्गात खडखडीत वाचणाऱ्या एका मुलीने मला विचारले, “दमेपर्यंत ढकलले, मग काम झाले नाही असे कसे?” तिला रोजच्या बोलण्यातले काम ठाऊक होते, पण वस्तूचे विस्थापन झाले नाही, म्हणजे ती जागेवरून हलली नाही, तर कार्य होत नाही, ही विज्ञानातली अट उताऱ्याने गृहीत धरली होती.

उताऱ्याचे काठिण्य मोजण्याची प्रचलित सूत्रे हे गृहीतक पाहतच नाहीत. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे सूत्र दर वाक्यातील सरासरी शब्द आणि दर शब्दातील सरासरी उच्चारघटक एवढेच मोजते. ते इंग्रजीसाठी बेतलेले आहे. मराठीला जसेच्या तसे लावले, तर प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहिण्याची आपली रीत त्याला चकवते. ‘शेजाऱ्यांकडूनसुद्धा’ हा आठ अक्षरी शब्द लहान मूलही सहज वापरते. ‘बल’ मात्र दोनच अक्षरांचा आहे, पण विज्ञानातला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागतो.

याहून मोठी अडचण सूत्राला खूश करण्यासाठी केलेल्या संपादनाची. ‘हवा तापल्यामुळे हलकी होते आणि म्हणून वर जाते’ या वाक्याचे ‘हवा तापते. ती हलकी होते. ती वर जाते.’ असे तुकडे केले, की गुणांक सुधारतो, पण कार्यकारणाचा दुवा शोधण्याचे ओझे वाचकावर पडते. अशी ‘सुलभ’ केलेली पाने मी बरीच तपासली आहेत (काही, खेदाने, माझीच).

त्यापेक्षा विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली रिकाम्या जागांची चाचणी मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तिच्यात उताऱ्याबरोबर वाचकही तपासला जातो. पहिले वाक्य तसेच ठेवून पुढचा दर पाचवा शब्द गाळायचा आणि मुलांना तो भरू द्यायचा. मूळ चाचणीत नेमका तोच शब्द आला तरच गुण मिळतो. मी मात्र गुणांपेक्षा चुका निरखतो. नामाच्या जागी समानार्थी नाम आले, तर मी निर्धास्त असतो. ‘परंतु’च्या जागी मुलांनी ‘आणि’ लिहिले, तर युक्तिवाद जिथे वळतो तिथेच ती सरळ पुढे निघून गेलेली असतात, आणि मग तो परिच्छेद मी त्यांच्यासोबत बसून पुन्हा वाचतो.