तुम्ही विचारलंत म्हणून : प्रकाश वाकतो कसा आणि किती?

“प्रकाशाला वस्तुमानच नाही, मग गुरुत्वाकर्षण त्याला वाकवतं कसं?” साताऱ्यात आकाशदर्शनाला आलेल्यांपैकी कुणीतरी हे विचारतंच.

दगड आणि पीस घ्या. हवा नसेल तर दोन्ही बरोबरच पडतात. म्हणजे वाट वस्तुमानावर ठरत नाही, वेगावर ठरते. प्रकाशही पडतो, फक्त त्याला पडायला वेळ मिळत नाही. सातारा ते सांगली सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर. तेवढ्या वाटेत तो खाली येतो तो जेमतेम मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका. (मे महिन्यात महामार्गावर दिसणारं पाणी हे तापलेल्या हवेचं काम. त्याचा इथे संबंध नाही.)

सूर्यापाशी मात्र हे मोजता येतं. त्याच्या कडेला घासून जाणारा किरण 1.75 विकला वळतो. एका अंशात 3600 विकला. अजिंक्यताऱ्यावर उभं राहून तीन किलोमीटरवरचं 25 मिलिमीटरचं नाणं पाहावं, एवढा हा कोन. यातला निम्मा हिस्सा त्या ‘पडण्याचा’, म्हणजे सूर्याजवळ काळ संथ चालतो त्याचा. 1911 मध्ये आइन्स्टाइनने तेवढाच धरला आणि उत्तर काढलं 0.83. उरलेला निम्मा हिस्सा सूर्याभोवतीची जागाच वक्र असल्यामुळे. तो 1915 मध्ये हिशेबात आला. ताणलेल्या चादरीवर गोळा ठेवून दाखवतात तो प्रयोग म्हणूनच मला अर्धवट वाटतो. त्यात काळ कुठेच नाही.

किरण वळला की तो ज्या ताऱ्याचा, तो तारा सरकलेला दिसतो. ते सरकणं मोजायला खग्रास ग्रहण हवं आणि सूर्याच्या आजूबाजूला ठळक तारे हवेत. 22 जानेवारी 1898 ची खग्रास सावली विजयदुर्गाकडून करमाळ्याजवळच्या जेऊरकडे गेली, कराड त्याच वाटेवर. पण तेव्हा सूर्य होता मकरेत, तिथे ठळक ताऱ्यांची दाटी नाही. 29 मे 1919 च्या खग्रास ग्रहणात सूर्य रोहिणीजवळच्या तारकागुच्छासमोर होता. माण-खटावचा शेतकरी ज्या रोहिण्यांत पेरणीचा अंदाज बांधतो, त्याच दिवसांत.

त्या दिवशी ब्राझीलमधल्या सोब्रालला मोठ्या दुर्बिणीची चित्रं बिघडली. उन्हाने आरसा तापला, तारे अस्पष्ट उमटले. कामी आली राखीव म्हणून नेलेली 4 इंची. तिचं नाभीय अंतर (भिंगापासून चित्रापर्यंतचं) 19 फूट, त्यामुळे छायाचित्राच्या काचेवर एक विकला म्हणजे 0.028 मिलिमीटर. त्यातही तारे कडेला चिकटून नसतात, आणि सूर्याच्या केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की वळण निम्मं होतं. तेच तारे जुलैमध्ये, सूर्य दूर सरकल्यावर, पहाटेच्या अंधारात पुन्हा टिपून दोन्ही काचा ताडून पाहिल्या. सूर्याच्या कडेसाठी उत्तर आलं 1.98. आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर ढगांतून ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनच्या हाती दोनच काचा नीट लागल्या, तिथे 1.61.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आपल्याला जमेल? 2 ऑगस्ट 2027 चं ग्रहण साताऱ्यातून खंडग्रासच दिसेल. सूर्याची कोर उरली तरी आकाश उजळ राहतं, तारे टिपता येत नाहीत. खग्रास पट्ट्यात जायची तयारी असेल तर साहित्य आवाक्यातलं आहे. 2017 मध्ये अमेरिकेत डॉन ब्रन्स यांनी 101 मिलिमीटरच्या दुर्बिणीने आणि डिजिटल कॅमेऱ्याने 1.75 च्या अगदी जवळचा आकडा काढला. फोकस मात्र ग्रहणाआधी रात्रीच ताऱ्यावर लावून ठेवायचा आणि खग्रास लागेपर्यंत नळी उन्हापासून झाकायची. सोब्रालला नेमकं ऊनच नडलं होतं.